अधिवेशनाचा हंगाम

मंगल कार्यालयाच्या गच्चीवर वऱ्हाडाच्या साड्यांऐवजी खाकी शर्ट वाळत घातलेले दिसले की बेळगावात समजायचं, अधिवेशन आलं. वर्षातून एकदा, ऐन थंडीत, बंगळूरचं सरकार थोड्या दिवसांसाठी आमच्याकडे मुक्कामाला येतं. लॉजमध्ये खोली मिळत नाही, रिक्षावाले सरळ बोलत नाहीत, दुभाजकांना नवा रंग लागतो आणि त्याचा वास बरेच दिवस हवेत राहतो. महामार्गालगतच्या टेकाडावरची विधानसभेची ती प्रचंड इमारत एरवी एकटीच उभी असते. या दिवसांत संध्याकाळी तिच्यावर दिवे लागतात आणि शेतातून परतणारी माणसं चालता चालता एकदा तिकडं बघून घेतात. बघतात आणि पुढं जातात.

याच सुमाराला भाताची कापणी संपलेली असते. वडगावच्या काळ्या शिवारात भाताच्या खुंटांमधून मसुरीचे कोंब वर आलेले असतात. कंग्राळीकडून रताळ्यांचे टेंपो निघतात, रस्त्यावर तांबडी माती सांडत जातात. सकाळी धुकं इतकं दाट की समोरून येणाऱ्या स्कूटरचा आधी आवाज येतो आणि मग माणूस दिसतो. यंदाही तसंच धुकं पडलं आणि मला जोतिबाअण्णांची स्कूटर आठवली.

मी आयुष्यभर कॉलेजात कन्नड शिकवलं. माझी मातृभाषा मराठी. याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला नाही. आमचं घर वडगावातल्या विणकरांचं. खाली माग, वर आम्ही. भिंतीच्या अलीकडं मराठी, पलीकडं कन्नड, आणि मागांचा खडखडाट दोन्हीकडं सारखाच. शेजारच्या घरात खेळता खेळता मी ती भाषा उचलली, पुढं पुस्तकांतून शिकले, आणि मग तिनंच मला पोटाला घातलं. तिच्यावरून बाहेर काय काय पेटायचं ते मी वर्तमानपत्रात वाचायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर जायची.

जोतिबा हे त्यांचं खरं नाव नाही. गावाचंही नाव घेत नाही; एवढंच सांगते की येळ्ळूर मागं टाकून बरंच आत जावं लागतं. रताळ्याचा धंदा करणाऱ्या घरातला हा माणूस. तरुणपणी स्वतःचा टेंपो चालवायचा, मग दूध सोसायटीचा चेअरमन झाला, मग ग्रामपंचायत, मग तालुका पंचायत. कुणाच्या मयतीला सगळ्यांत आधी आणि लग्नाला सगळ्यांत शेवटी जाणारा, अशी त्यांची ख्याती. लग्नाला उशिरा का, तर आधी गेलं की पुढच्या खुर्चीत बसवतात, म्हणायचे. मराठी गावांनी मिळून त्यांना अपक्ष उभं केलं आणि ते निवडून आले. निवडून आले ते भाषेच्या नावावर. हे त्यांना माहीत होतं आणि त्याची त्यांना लाज नव्हती. त्यांचे वडील सीमेच्या आंदोलनात मार खाऊन आले होते. वडिलांच्या पाठीला आई हळदीचा लेप लावत होती, ते त्यांनी लहानपणी दारात उभं राहून पाहिलं होतं. त्या घरात कानडी शब्द निघत नसे. बाजारात निघे, भाव करण्यापुरता.

आमदार झाल्यावरच्या पहिल्याच डिसेंबरात ते सभागृहात मराठीत बोलले. ज्याला सभागृहाची भाषा नीट येत नाही त्याला अध्यक्षांच्या परवानगीनं आपल्या भाषेत बोलता येतं. विषय साधा होता. गावच्या सरकारी दवाखान्याला इमारत होती, खाटा होत्या, एक नर्स होती. बाळंतपणासाठी लेडी डॉक्टर मात्र कित्येक वर्षं नव्हती. बाकांवरून गोंधळ झाला, त्यातच ते बोलले आणि खाली बसले. त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला. गावात मिरवणूक निघाली, हलगी वाजली, त्यांच्या बायकोनं, रेणुकावहिनींनी, दारात ओवाळलं. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही, कारण प्रश्न काय होता हेच समोर कुणाला कळलं नव्हतं. मिरवणुकीच्या आवाजात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मंगल गेली. ती त्यांच्या गल्लीतली, गंगूआक्कांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नर्सनं जमेल ते केलं आणि मग बेळगावला न्या म्हणाली. गाडी वाटेत असतानाच सगळं संपलं. बाळ राहिलं, मुलगी. मंगल गेली.

दिवस घातले त्या दुपारी जोतिबाअण्णा मांडवात बसले होते. गंगूआक्का त्यांच्यासमोर येऊन बसल्या. रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही.

“अण्णा, तुमी तितं बोललासा म्हनं. गावानं हार घाटला,” त्या म्हणाल्या. “पन ज्येनं डाक्टर द्यायचा, त्येला कळलं काय?”

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, पावसाळा संपता संपता, आमच्या माडीवर पहिल्यांदा आले तेव्हा. सांगताना माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. आमदाराची गाडी घरी ठेवून ते स्कूटरवर आले होते, आणि डोक्यावरचं हेल्मेट जिना चढेपर्यंत काढलं नव्हतं. कानडी शिकवा म्हणाले. बाजारातली नको, सभागृहातली. गावाला कळता कामा नये, एवढंच सांगितलं.

तो सगळा हंगाम ते येत राहिले, पहाटेच्या धुक्यात. खाली माग सुरू झालेले असायचे, त्यामुळे वर काय चाललंय ते रस्त्यावर ऐकू जात नसे. आम्हालाच एकमेकांशी मोठ्यानं बोलावं लागायचं. माझी आई तेव्हा होती. जिन्याखाली बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची. आमदार रोज वडगावात कशाला येतात याची गल्लीत चर्चा झाली. कुणी म्हणालं साखरेच्या आजारावर झाडपाल्याचं औषध घेतात. कुणी म्हणालं पुढच्या निवडणुकीच्या साड्यांची आतापासून ऑर्डर चाललीय. आईनं दोन्ही गोष्टींना मान डोलावली. त्यामुळे खरी गोष्ट सुरक्षित राहिली.

विद्यार्थी म्हणून ते मध्यम होते. शब्द भराभर उचलायचे, कारण निम्मे कानावरून गेलेलेच होते. त्यांची अडचण वेगळीच होती. कन्नडमध्ये ‘ओ’ ऱ्हस्वही असतो आणि दीर्घही. ‘कोडि’ आखूड म्हटलं तर ‘द्या’. लांबवलं तर तलाव भरून पाणी बाहेर पडतं ती जागा. मराठी जिभेला हा फरक सापडत नाही. जोतिबाअण्णा आम्हाला डॉक्टर द्या म्हणायला जायचे आणि दर वेळी डॉक्टर तलावाबाहेर वाहून जायचा. मी हसायची, तेही हसायचे. मग स्कूटरवरून जाताना हेल्मेटच्या आत तेच म्हणत राहायचे. एकदा सिग्नलला शेजारच्या माणसानं, माझ्याकडं काय मागाय लागलासा, असं त्यांना विचारलं म्हणे.

पण एक दिवस हसण्याचा नव्हता. मी त्यांना उभं राहून, सभागृहात बोलतात तसं, पूर्ण बोलायला सांगितलं. ‘सन्मान्य सभाध्यक्षरे’ एवढं म्हणाले आणि थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. मग खाली बसले आणि वडिलांच्या पाठीचं, हळदीचं सांगितलं. ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हणाले, तोंड उघडलं की ती पाठ दिसते. ज्या भाषेत मी प्रेमाच्या कविता शिकवल्या, ती त्यांच्या घरात पाठीवरचे वळ होऊन आली होती. आणि ज्या शेजारणीनं मला ती भाषा भरवता भरवता शिकवली तिचाही त्यात काही दोष नव्हता. ते उठून गेले. नंतर बरेच दिवस फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं.

एका पहाटे पुन्हा स्कूटरचा आवाज आला. आदल्या दिवशी गंगूआक्का मंगलच्या मुलीला घेऊन त्यांच्या घरी आल्या होत्या. वाटीभर दूध मागायला, दुसरं काही नव्हतं. पोर त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होती. एवढंच सांगून त्यांनी वही उघडली.

अधिवेशनात त्यांचा प्रश्न यायचा त्या दिवशी मी प्रेक्षकांच्या सज्जात होते. पास त्यांनीच दिला होता. आत वातानुकूलनामुळे बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. जेवणाची सुट्टी जवळ आलेली, निम्मे सदस्य चुळबुळत होते. अध्यक्षांनी नाव पुकारलं तसं बाकांवर हसू पसरलं. मागच्या वर्षीची आठवण सगळ्यांना होती. जोतिबाअण्णा उभे राहिले. पहिलं वाक्य मराठीत बोलले, माझ्या गावच्या लोकांचा सभागृहाला नमस्कार सांगतो म्हणून. गोंधळ उठला. त्यांनी हात वर केला आणि गोंधळ विरायची वाट बघितली. मग कन्नडमध्ये बोलायला लागले.

चुळबुळणारे सदस्य त्यांच्याकडं वळले. त्यांनी मंगलचं नाव घेतलं, वय सांगितलं, रस्ता सांगितला, गाडी कुठं पोचली असताना काय झालं ते सांगितलं. एकही विशेषण नव्हतं. ते मी शिकवलं नव्हतं, त्यांचं ते होतं. व्याकरणात चुका झाल्या. शेवटी डॉक्टर द्या म्हणताना मात्र ‘ओ’ जेवढा हवा तेवढाच आला. मंत्री उठले, अधिकाऱ्यांकडून कागद मागवला, पद भरतो म्हणाले. सगळं मिळून चहा निवायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

आणि मग बाकं वाजली. ती मंगलसाठी वाजली नव्हती. सीमेवरचा मराठी आमदार कन्नड बोलला, म्हणून वाजली. कुणी तरी उठून त्यांचं अभिनंदन केलं, तुम्ही आता आमचे झालात, अशा अर्थाचं. मी वरून त्यांचा चेहरा पाहिला. ते खाली बघून कागद घडी करत होते.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावात पोचला, त्यांच्या आधी. त्यात पहिलं मराठी वाक्य नव्हतं, मंगलही नव्हती. कन्नडमधली दोन वाक्यं, बाकांचा आवाज आणि ते अभिनंदन, एवढंच होतं. ते घरी पोचले तेव्हा दारात कुणी नव्हतं. दगड नाही, घोषणा नाही, काळं फासणं नाही. फक्त रोज संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर भरणारी माणसं त्या संध्याकाळी आली नाहीत. रेणुकावहिनींनी सवयीनं मोठं पातेलं भरून चहा टाकला होता.

एकटे तुकारामतात्या आले. जोतिबाअण्णांचे चुलते, भावाबरोबर त्यांनीही मार खाल्लेला. त्यानंतर उभ्या आयुष्यात ते बसच्या कंडक्टरशीसुद्धा कानडी बोलले नव्हते. पैसे पुढं करायचे आणि गावाचं नाव मराठीत सांगायचे. ते भांडायला आलेत असंच जोतिबाअण्णांना वाटलं. तात्या बसले, चहा प्याले, पेला खाली ठेवला.

“जोत्या, कानडीत बोललास ह्येचं मला कायबी न्हाय,” ते म्हणाले. “पोरीसाठनं बोललास, ते बी मला ठावं हाय. पन लपून शिकलास. आमी तुला वाट देनार न्हवतो, असं वाटलं तुला. ते लागलं बघ.”

मला हे सांगताना जोतिबाअण्णा म्हणाले की मार खाल्ला असता तर बरं झालं असतं.

संक्रांतीनंतर डॉक्टर आली. बागलकोटकडची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, मराठीचं एक अक्षर न येणारी. पहिले काही महिने नर्स दोघींच्या मध्ये उभी राहून भाषांतर करायची. मग डॉक्टरीणबाई ‘कळ कवा सुरू झाली गं?’ असं आमच्याच वळणात विचारायला लागल्या. गावानं त्यांना दूध दिलं, तांदूळ दिले, बाळंतपणं त्यांच्या हातात दिली. ही डॉक्टर कुणामुळे आली याची मात्र गावात चर्चा झाली नाही. लोक विसरले होते असं मला वाटत नाही. माणसांना दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानणं जड जातं, इतकंच.

पुढच्या निवडणुकीत जोतिबाअण्णा पडले. थोडक्यात नाही, चांगलेच पडले. आमदारकी जाते कशी हे मी त्यांच्या घरात बघितलं. आधी फोन थांबतो. रेणुकावहिनींनी तो बिघडला असं समजून चार्जर बदलून पाहिला. मग लग्नपत्रिकांवरचं नाव खाली खाली सरकतं. मग एक दिवस तालुक्याच्या कचेरीत शिपाई उठत नाही, आणि आपण दारात क्षणभर उभे राहतो, तो उठायची वाट बघत. हे सगळं ते तक्रार म्हणून सांगत नसत. दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं सांगत. रताळ्याच्या धंद्यात परतले, टेंपो पुन्हा स्वतः चालवू लागले. लग्नाला आता वेळेवर गेलं तरी चालतं, म्हणाले.

माझ्याकडं ते पुढंही अधूनमधून येत राहिले, आता हेल्मेट हातात घेऊन. कन्नड वर्तमानपत्र वाचायचे, अडलेला शब्द विचारायचे. शिकायला सुरुवात केली होती गरजेपोटी. गरज संपल्यावरही ते का थांबले नाहीत हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आई गेली, खालचे माग आम्ही विकले, माडीवर आता अगदी हळू बोललं तरी ऐकू येतं.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंची बदली झाली. जागा पुन्हा रिकामी. नव्या आमदारांना गाव दोनदा जाऊन भेटलं, त्यांनी बघतो म्हटलं. बघतीलही. दिवाळी झाली, कापणी झाली, गच्चीवर खाकी शर्ट वाळू लागले.

या हंगामात इमारतीपासून लांब, पोलिसांनी आखून दिलेल्या मैदानात, मागण्या घेऊन येणाऱ्यांचे मंडप पडतात. ऊसवाले, अंगणवाडीच्या बायका, कुठले कुठले शिक्षक. परवा जोतिबाअण्णांचा फोन आला की गाव तिथं बसणार आहे, तुम्ही या. मी गेले. ताडपत्रीखाली पन्नासेक माणसं होती. गंगूआक्का होत्या, त्यांच्या शेजारी मंगलची मुलगी, शाळेच्या गणवेशात. सगळ्यांत पुढं तुकारामतात्या, कानाला मफलर, काठी मांडीवर आडवी. जोतिबाअण्णा मागच्या बाजूला, खांबाला टेकून उभे. त्यांना गावानं बोलावलं होतं की ते आपणहून आले होते, ते मला कळलं नाही.

दुपारी आरोग्य खात्याचे एक अधिकारी आले. मंडपामंडपातून फिरत होते, थकलेले, घाईत. गावातल्या एकानं मराठीत सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि पुढच्या मंडपाकडं बघितलं. तेव्हा तात्यांनी मागं वळून न पाहता हाक मारली.

“जोत्या, म्होरं ये. सांग त्यास्नी, त्यांच्या भाषेत. आमी हाय हितं.”

जोतिबाअण्णा माणसांमधून वाट काढत पुढं आले. येताना कुणाचे पाय आडवे आले, ते बाजूला झाले. ते बोलू लागले. पूर्वीपेक्षा सावकाश आणि पूर्वीपेक्षा चांगलं. आठवणीनं मंगलपासून सुरुवात केली, मग डॉक्टरीणबाईंच्या काळात किती बायका घरी धड परतल्या ते, मग रिकामी खुर्ची. अधिकाऱ्यांनी पेन काढलं. बंगळूरला कळवतो म्हणाले. प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली. यातून काय होईल ते आज मला सांगता येणार नाही. हे लिहिते आहे तोवर तरी जागा रिकामीच आहे.

अधिकारी पुढं गेले तसे तात्या माझ्याकडं वळले.

“बाई, ह्यो काय बोलला, आमाला मराठीत सांगा,” म्हणाले. “सगळं सांगा, काय गाळू नगासा.”

मी ताडपत्रीवर त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. वाक्यामागून वाक्य, जोतिबाअण्णांनी म्हटलं होतं त्याच क्रमानं. इतकी वर्षं मी कन्नडवर जगले, पण ती माझ्या माणसांना मराठीत सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मंगलचं नाव आलं तेव्हा गंगूआक्कांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. बायका जवळ सरकल्या. जोतिबाअण्णा पुन्हा खांबाशी जाऊन उभे राहिले होते, शाळेत निकाल ऐकायला उभं राहतात तसे.

तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बराबर बोललाय,” म्हणाले, आणि उठायला आधार म्हणून त्यांनी जोतिबाअण्णांकडं हात पुढं केला.